उघड्या कपाटांचा उन्हाळा

राधिका आणि ओजस,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, "आजी, तू लायब्ररीत दिवसभर करायचीस काय? शिक्के मारायचीस?" तेव्हा मी "हो, तेही करायचे" म्हणून विषय मिटवला, कारण माझ्या गॅसवर दूध होतं आणि तुमची झोपायची वेळ झाली होती. पण प्रश्न काही मिटला नाही. तशात मार्च लागला. आमच्या समोरच्या इमारतीत तळमजल्यावर आता एक अभ्यासिका निघाली आहे. मुलंमुली सकाळी सहाला पाण्याच्या मोठमोठ्या बाटल्या घेऊन आत जातात आणि उन्हं उतरल्यावर डोळे चोळत बाहेर येतात. रस्त्यानं कूलरला नवा वाळा लावून देणारा माणूस ओरडत जातो. नागपुरात परीक्षा आणि उन्हाळा ही जुळी भावंडं आहेत, एक दारात आलं की दुसरं मागे उभं असतंच. ती दोघं आली की मला माझा एक उन्हाळा आठवतो, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या उन्हाळ्यात आहे. म्हणून हे आत्ता लिहिते आहे. तुम्ही हे फोनवर वाचणार, तेव्हा पानाचा कोपरा दुमडायचा प्रश्न येणार नाही, याचं मला फार समाधान आहे.

मी व्यवस्थित बाई आहे, हे तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलंच असेल, आणि ते कौतुकानं सांगितलं नसेल. तुमचे आजोबा पाहुण्यांना सांगायचे, "हिच्या मसाल्याच्या डब्यांना क्रमांक आहेत." साफ खोटं. डब्यांना फक्त अक्षरं होती. जिरं आणि शहाजिरं शेजारी ठेवायचं की वेगळं, यावर मी एक आठवडा विचार केला होता हे मात्र खरं. हा स्वभाव घेऊन जगात फार थोड्या ठिकाणी सुखानं नोकरी करता येते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, मग ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली, आणि सत्तरच्या दशकात सीताबर्डीच्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. मुलाखतीत कमिटीनं मला एकच प्रश्न विचारला, "शिवणकाम येतं का?" फाटकी पुस्तकं शिवायला माणूस हवा होता.

मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत खाली कापडाचं दुकान आणि वर आम्ही. एक लांब हॉल, त्यात बावीस सागवानी कपाटं, प्रत्येकाला काचेची दारं आणि पितळी कुलूप. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसायच्या. वाचकानं कठड्याच्या अलीकडे उभं राहायचं, चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव लिहायचं, आणि वाट पाहायची. चाव्या आमच्या चिटणीसांकडे असत. त्यांना आपण भाऊसाहेब म्हणू. निवृत्त हेडक्लार्क, पांढरं शुभ्र धोतर, आणि कमरेला बावीस चाव्यांचा जुडगा. ते जिन्यानं वर येताना आधी जुडगा ऐकू यायचा, मग पावलं. दुपारी बाराला ते जेवायला घरी जात आणि वामकुक्षी आटोपून चारला परत येत. चाव्या अर्थातच त्यांच्याबरोबर जेवत आणि झोपत. म्हणजे रोज चार तास वाचनालय उघडं आणि पुस्तकं बंद. त्या चार तासांत कोणी पुस्तक मागितलं की मी म्हणायचे, "पुस्तक आहे. दिसतं आहे. पण ते झोपलं आहे."

आज अभ्यासिकेतल्या मुलांना पाहते तेव्हा गंमत वाटते. ती एका बोटानं जगातलं काहीही उघडतात. आमच्या वाचकांच्या पूर्ण हाताला काच लागायची.

पण तुम्ही विचारलंत, मी काय करायचे. माझं अर्धं काम त्या हॉलमध्ये होतं आणि अर्धं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. शहरातल्या ग्रंथपालांचा एक संघ होता. सदस्य अकरा, त्यातले येणारे सात, आणि वेळेवर येणारी मी. एका कॉलेजच्या वर्गात आम्ही मुलांच्या बाकांवर गुडघे वाकवून बसायचो. दर मे महिन्यात आम्ही खेड्यांतल्या ग्रंथपालांसाठी वर्ग घ्यायचो, वाळवीला हाकलायचे उपाय छापून वाटायचो, सरकारला पत्रं लिहायचो आणि ती पोचली का हे विचारणारी पत्रं लिहायचो. आमचे एका पानाचे आचारनियमही होते. ते मी आधी इंग्रजीत लिहिले, कारण इंग्रजीत ते फार भारदस्त वाटत होते. मग मराठी केल्यावर सगळ्यांना कळले आणि भांडणं सुरू झाली.

संघाचे दोन खांब होते, पाठक सर आणि ढोबळे सर. विषयाप्रमाणे पुस्तकांना क्रमांक द्यायच्या, म्हणजे वर्गीकरणाच्या, दोन पद्धती; पाठक सर दशांश पद्धतीचे, ढोबळे सर द्विबिंदू पद्धतीचे. बाकी दोघं चांगले मित्र, एकाच सायकलवरून सभेला यायचे. पण एखादं पुस्तक कोणत्या विषयाखाली ठेवायचं हा प्रश्न निघाला की घरी वेगवेगळे जायचे.

एका फेब्रुवारीत संघानं ठराव केला की वाचनालयांनी कपाटं उघडी ठेवावीत. वाचकानं आत यावं, फिरावं, चाळावं, हाताळावं. ठराव एकमतानं पास. टाळ्या झाल्या. मग पाठक सरांनी चष्मा पुसत विचारलं, "सुरुवात कोणाच्या वाचनालयापासून?" प्रत्येकजण छताकडे पाहू लागला. छताला पंखा होता, तो नुकताच कोणीतरी मोठा केला होता, आणि माझ्यासमोरचे सभावृत्तान्ताचे कागद उडायला लागले होते. पंखा कमी करा, हे सांगायला मी हात वर केला.

"वा!" पाठक सर म्हणाले. "मला वाटलंच होतं."

ढोबळे सर म्हणाले, "बाई धाडसी आहे, मी तं पहिल्याच दिवशी म्हटलं होतं."

सभावृत्तान्त मीच लिहीत होते. माझंच नाव मी माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं.

भाऊसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी जुडग्यावर हात ठेवला. "बाई, पुस्तकं म्हणजे काय चणेफुटाणे आहेत का, उघड्यावर ठेवायला?" पण कमिटीचे अध्यक्ष वकील होते आणि त्यांना प्रयोग हा शब्द आवडायचा. निर्णय असा झाला, की मार्च आणि एप्रिल, परीक्षेच्या दोन महिन्यांत कपाटं उघडी राहतील. मे लागला की दाखलवहीशी, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकानं नोंद असलेल्या वहीशी, ताडून सगळी पुस्तकं मोजायची. पन्नासपर्यंत कमी भरली तर पुढे पाहू. एक्कावन्न कमी भरली तर कुलपं पुन्हा लागतील, आणि भाऊसाहेबांनी शेवटचं वाक्य स्वतः सांगून लिहवून घेतलं, "सदर विषय विद्यमान ग्रंथपालांच्या कारकिर्दीत पुन्हा काढला जाणार नाही."

एक मार्चला सकाळी आठ वाजता बावीस कुलपं निघाली. मला वाटलं होतं झुंबड उडेल. कोणी आतच येईना. लोक कठड्यापाशी येऊन उभे राहिले, उघड्या कपाटांकडे पाहू लागले आणि हात मागे बांधून घेतले. एका पेन्शनर गृहस्थांनी हातभर अंतरावरचं पुस्तक पाहून त्याची चिठ्ठी लिहिली आणि माझ्याकडे दिली. मी म्हटलं, "अहो, घ्या ना स्वतः." ते म्हणाले, "तुम्ही आहात ना इथं? मग मी कसा घेऊ?"

सगळ्यात आधी आत आल्या वच्छलाबाई मेश्राम. इंदोऱ्याच्या एका बालवाडीत त्या सेविका होत्या. वय सव्वीस-सत्तावीस. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली आणि मुलीला शाळेत घातलं. आठवीत लग्न झालं आणि शाळा राहिली. आता ऑक्टोबरमध्ये बाहेरून मॅट्रिकला बसायचं त्यांनी ठरवलं होतं. दुपारी बालवाडी सुटली की त्या आमच्याकडे यायच्या, कठड्याबाहेरच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचायच्या आणि निघून जायच्या. पुस्तक कधी मागितलं नव्हतं. मला वाटायचं, बाईंना बातम्यांची आवड आहे.

त्या दिवशी त्या गणिताच्या कपाटापाशी गेल्या, एक पुस्तक काढलं, ठेवलं, दुसरं काढलं. अर्धा तास उभ्याच. मी जवळ गेले आणि शहाण्यासारखं म्हटलं, "इतके दिवस मागितलं का नाहीत? चिठ्ठी लिहायची होती."

"काय लिहू मॅडम?" त्या म्हणाल्या. "मले पुस्तकाचं नाव मालूम असतं तं मी दोन महिने पेपर काहून वाचला असता?"

मी चष्मा काढून पुसला. वीस वर्षं शिकले होते मी, दोन पदव्या, आणि हे मला कोणी शिकवलं नव्हतं, की चिठ्ठी फक्त त्याच माणसाला लिहिता येते ज्याला काय हवं आहे हे आधीच माहीत असतं. त्या क्षणापर्यंत उघडी कपाटं म्हणजे माझ्या दृष्टीनं पंख्यामुळे ओढवलेली आपत्ती होती. त्यानंतर ती माझी गोष्ट झाली. पन्नासाचा आकडा मला झोपेत दिसू लागला.

त्या मार्च-एप्रिलचा वास मी अजून सांगू शकते. वाळ्याचा ओला वास, शाईचा वास, डोक्याला लावलेल्या खोबरेल तेलाचा वास, आणि त्या सगळ्यावर कोणाच्या तरी खिशातल्या कांद्याचा. लू लागू नये म्हणून मुलं खिशात कांदा घेऊन यायची आणि कूलरसमोर बसायची. मोठा कूलर खिडकीत बसवलेला होता. तो चालू असला की ऐकू काही येत नसे आणि बंद केला की सोसवत नसे. मी इंग्रजी पद्धतीप्रमाणे "शांतता राखा" अशी सुंदर पाटी रंगवून घेतली होती. त्या कूलरच्या गर्जनेत ती विनंती नक्की कोणाला आहे हे पाटीलाच ठाऊक. परीक्षेची मुलं कपाटांमधून मुंग्यांसारखी फिरायची. संध्याकाळी पुस्तकं जागच्या जागी लावताना माझी कंबर मोडायची, आणि तुमचे आजोबा घरी विचारायचे, "आज किती गेली?" त्यांना पुस्तकं म्हणायचं होतं. मी केसांबद्दलही उत्तर देऊ शकले असते.

आता माझ्या खोलीत एसी आहे. तो काहीच बोलत नाही. परवा अभ्यासिकेतली एक मुलगी पाणी मागायला आली होती. तिला विचारलं, काय वाचतेस? म्हणाली, "नोट्स." कोणाच्या? "मालूम नाही आजी, ग्रुपवर आल्या." म्हणजे लेखक नाही, नाव नाही, पानं क्रमानं नाहीत. मला तिला जवळ बसवून निदान एक दाखलक्रमांक द्यावासा वाटला.

तर मे महिना आला. रविवारी सकाळी कमिटीची सभा होती. मोजणीला गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार. संघाचे सगळे जण मदतीला धावून आले, सातच्या सात. डोक्याला ओले पंचे बांधून, पन्ह्याचे गडवे घेऊन. सहा हजारांवर पुस्तकं. एकानं दाखलवहीतला क्रमांक मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं पुस्तक पाहून "आहे" म्हणायचं. शिपायाला सांगितलं असतं तर दीड दिवसात काम झालं असतं. पण हे सात ग्रंथपाल होते. राधिका, तुझ्या आईला विचार, मी दुसऱ्याच्या घरी गेले तरी वाकडी तसबीर सरळ केल्याशिवाय मला चहा गिळवत नाही. तसं सात जणांना एका हॉलमध्ये सोडल्यावर काय होईल?

तिसऱ्या कपाटातच संत्र्याच्या बागेवरचं एक पुस्तक निघालं. पाठक सर म्हणाले, "हे शेतीत कशाला? याचा क्रमांक चुकला आहे." त्यांनी ते बाजूच्या टेबलावर ठेवलं.

"क्रमांक चुकला नाही, पद्धत चुकली," ढोबळे सर शिडीवरून म्हणाले. "तुमच्या दशांशात संत्र्याले धड जागाच नाही, तं ते बिचारं पुस्तक काय करीन?"

"ढोबळे, तुमच्या पद्धतीत क्रमांक इतका लांब होतो की पुस्तकाच्या पाठीवर मावत नाही, पोटावर लिहावा लागतो."

"लिहा नं मग पोटावर! पुस्तकाले काय गुदगुल्या होऊन राहिल्या?"

मोजणी थांबली. मग प्रत्येकालाच प्रत्येक कपाटात काहीतरी खुपायला लागलं. कोणी म्हणे हे चरित्र नाही, इतिहास आहे. कोणी म्हणे याची शिवण सुटली आहे, आधी शिवू. खुपलेली पुस्तकं टेबलांवर, खुर्च्यांवर, जिन्यात. गुरुवारी संध्याकाळी बावीसपैकी पाच कपाटं झाली होती आणि संत्र्याचं पुस्तक चार हातांमधून फिरून कोणाच्या तरी पन्ह्याच्या गडव्याखाली गेलं होतं.

शुक्रवारी मी कधी नव्हे तो आवाज चढवला. "कोणीही काहीही दुरुस्त करायचं नाही! वेडीवाकडी असली तरी मोजा!" बाकीच्या प्रौढ माणसांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना भर उन्हात अनवाणी उभं केलं. पण मोजलं. संध्याकाळी बेरीज झाली. एकशे त्रेचाळीस पुस्तकं कमी.

मी बेरीज पुन्हा केली, तेवढीच आली.

ढोबळे सर शिडीवरून उतरले. "टेबलावरचे मोजले का?"

टेबलांवरची, खुर्च्यांवरची, जिन्यातली, गडव्याखालची. आमच्याच हातांनी आम्ही हरवलेली. ती भरली चव्वेचाळीस. उरली नव्व्याण्णव. संघाच्या रिवाजाप्रमाणे हरवलेल्या पुस्तकांची यादी करून मी दर्शनी फळ्यावर लावली, म्हणजे कोणाकडे चुकून गेलं असेल तर आणून देईल. भाऊसाहेब जाताना त्या यादीपुढे थांबले. एवढा वेळ थांबले की मला वाटलं, आता ते काहीतरी लागेल असं बोलणार. पण ते सरळ जिना उतरले, आणि जुडगा हातात धरलेला असल्यामुळे आवाजही झाला नाही.

शनिवारी सकाळी वच्छलाबाई आल्या. फळ्यावरची यादी त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट लावून वाचली. मग माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, हे एवढे पुस्तकं सापडले नाही तं काय होईन?"

"उद्या कुलपं लागतील."

"अन् मंग ऑक्टोबरपर्यंत चिठ्ठी?"

"चिठ्ठी."

त्यांनी पदर खोचला. "या माझ्यासंग."

हॉलच्या अगदी टोकाला, खांबाआड एकोणिसावं कपाट होतं. त्यात आरोग्याची पुस्तकं, आणि खालचे तीन खण कुटुंबनियोजनाचे. त्या दिवसांत सरकार ती पुस्तकं गठ्ठ्यांनी पाठवायचं आणि आम्ही इमानानं दाखल करायचो. त्या कपाटापुढे चारचौघांत उभं राहायची छाती सीताबर्डीतल्या एकाही इसमाची नव्हती. मोजताना आम्हीही दुरूनच, पाठीवरचे क्रमांक घाईघाईनं वाचून, "आहे, आहे, आहे" म्हणून पुढे सरकलो होतो. पाठक सर तर डोळे मिटून "आहे" म्हणाले होते, असं ढोबळे सरांचं म्हणणं.

वच्छलाबाईंनी पुढची रांग दोन्ही हातांनी काढून खाली ठेवली. मागे दुसरी रांग होती. बीजगणित. रसायन. इंग्रजी व्याकरणाच्या तीन प्रती. इतिहासाची मार्गदर्शकं, पदवीचं अर्थशास्त्र, लघुलेखन.

"पोट्टे लपवतात मॅडम. आपल्याले पाहिजे ते पुस्तक दुसऱ्यानं नेऊ नये म्हणून. इथं कोणी हात लावत नाही नं." मग खाली वाकून त्यांनी सगळ्यात आतून एक भूमितीचं पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. नजर जमिनीवर. "हे मी ठेवलं होतं. दोनच प्रती आहेत. रोज दुपारी काढत होती अन् ठेवत होती. चोरलं नाही."

पाठक सर खांबाआडून हे पाहत होते. ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "वर्गीकरणाच्या दृष्टीनं पाहिलं तर..."

"राहू द्या हो सर," ढोबळे सर म्हणाले. "पोट्ट्यांनी आपल्याहून चांगली पद्धत काढली. जिथं कोणी जात नाही तिथं ठेवा. दशांशही नाही अन् द्विबिंदूही नाही."

बेचाळीस पुस्तकं निघाली. उरली सत्तावन्न. सातनं जास्त. आम्ही एकोणिसावं कपाट तीनदा उपसलं, आता लाज सोडून. मग सगळ्या कपाटांच्या मागे हात घातले. एक मेलेली पाल आणि एक कांदा सापडला. आकडा हलेना. संघाचे लोक एकेक करून पंचे सोडून वारा घेत बसले. मला वाटलं, सात पुस्तकांसाठी वच्छलाबाई पुन्हा बाकावर जाऊन पेपर वाचणार, आणि माझ्या उरलेल्या नोकरीत मी हा विषय काढणार नाही.

दुपारी चारच्या सुमाराला खाली सायकलरिक्षा थांबली आणि जिन्यातून एका बाईचा आवाज आला, "अगं, कोणीतरी हात लावा गं या ट्रंकेला!" भाऊसाहेबांच्या पत्नी. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. ट्रंक वर आली. उघडली. आत धोतराच्या कापडात नीट बांधलेली एकोणीस पुस्तकं. प्रत्येकावर आमचा शिक्का, आणि त्यातली कित्येक मी नोकरीला लागण्याआधीपासून वाचनालयाबाहेर.

"माळ्यावर होती," काकू म्हणाल्या. "चाव्या ह्यांच्याकडे, मग चिठ्ठी कोण लिहिणार? एक आणलं, दुसरं आणलं, विसरून गेले. काल ती यादी वाचून आले ते जेवलेच नाहीत. आज पहाटे माळ्यावर चढले, या वयात! सगळी काढून, पुसून ठेवली. पण आणायची लाज वाटते म्हणे. मी म्हटलं, मी नेते. मला कसली लाज? मी कुठं वाचली आहेत!"

एकोणीस वजा केली. अडतीस.

रविवारची सभा. संघाचे लोक भिंतीशी बसले होते, वच्छलाबाई दारात उभ्या होत्या. वकीलसाहेबांनी कागद वाचला आणि भुवया वर केल्या. "शुक्रवारी नव्व्याण्णव, आज अडतीस. चमत्कारच. बाई, ही पुस्तकं कोणाकोणाकडे मिळाली?"

भाऊसाहेब समोरच बसले होते. त्यांनी धोतराची निरी अशी काही निरखायला घेतली की जणू त्यात छापील मजकूर होता. खरं सांगते मुलांनो, माझ्या जिभेवर आलं होतं. चणेफुटाणे आठवले. "विद्यमान ग्रंथपालांच्या कारकिर्दीत" आठवलं. एक वाक्य बोलले असते तर जन्मभर त्यांनी माझ्यापुढे मान वर केली नसती. आणि दारात वच्छलाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

आमच्या त्या एका पानाच्या आचारनियमांत चौथा नियम असा होता, की कोणी काय वाचलं आणि कोणाकडे कोणतं पुस्तक होतं, हे ग्रंथपालानं तिसऱ्याला सांगू नये. तो मीच लिहिला होता. इंग्रजीत लिहिताना तो फार सोपा वाटला होता.

"वाचकांकडे," मी म्हटलं.

"ते कळलं. नावं?"

"नावं सांगता येणार नाहीत. संघाचा नियम आहे."

"संघ काय या कमिटीच्या वर आहे?"

भिंतीकडून ढोबळे सर उठले. "तसं नाही साहेब. पण डॉक्टर सांगते का, गल्लीत कोणाकोणाले मूळव्याध आहे म्हणून? मंग लोक त्याच्याकडे जाईन का?"

वकीलसाहेबांनी का कोण जाणे, एकदम खोकला काढला आणि विषय पुढे नेला. "ठीक आहे. अडतीस म्हणजे पन्नासाच्या आत. पण कपाटं उघडी ठेवायची की नाही, हा निव्वळ आकड्याचा प्रश्न नाही. चिटणीसांचं मत काय?"

भाऊसाहेब उठले. घसा साफ केला. कमरेचा जुडगा सोडायला त्यांना बराच वेळ लागला. इतक्या वर्षांची गाठ होती. तो त्यांनी टेबलावर ठेवला. "कपाटं उघडी राहावीत, असा ठराव मी मांडतो," ते म्हणाले, आणि खाली बसता बसता माझ्याकडे न पाहता पुटपुटले, "आणि बाई, पुस्तक घरी नेण्याची मुदत जरा कडक करा."

त्या पावसाळ्यात काचेची दारंही काढून टाकली, कारण कूलरच्या वाऱ्यानं ती आपटायची. वच्छलाबाई ऑक्टोबरला बसल्या. भूमितीत त्यांना काठावर मार्क मिळाले, आणि निकाल सांगायला आल्या तेव्हा त्या मलाच म्हणाल्या, "रोज लपवायला लागत नसतं तं जास्त मिळाले असते." पुढे त्या बालवाड्यांच्या पर्यवेक्षिका झाल्या. पाठक सर आणि ढोबळे सर शेवटपर्यंत एका सायकलवरून यायचे आणि दोन वाटांनी परत जायचे. संत्र्याच्या पुस्तकावर अखेर दोन्ही क्रमांक लिहिले, एक पाठीवर, एक पोटावर.

तर मी लायब्ररीत काय करायचे? शिक्के मारायचे. लोकांना नाव माहीत नसलेली गोष्ट त्यांच्या हाताला लागेल अशी मांडून ठेवायचे. आणि मग ती कोणाच्या हाताला लागली, हे गिळून टाकायचे. यातलं तिसरं काम सगळ्यात जड. इतक्या वर्षांत अजीर्ण झालं नाही, हे माझ्या प्रकृतीचं कौतुक.

तुम्ही म्हणाल, मग आत्ता कसं सांगितलंस? भाऊसाहेबांचं नाव मी बदललं आहे, वकीलसाहेब वकील नव्हते, आणि ट्रंक ट्रंक नव्हती. नियम अजून रद्द झालेला नाही. वच्छलाबाईंना मात्र परवा फोन करून विचारलं, तुमचं नाव घालू का? पंचाहत्तरी ओलांडली आहे त्यांनी, पण आवाज तसाच. "खरं नावच लिहा मॅडम. अन् पुस्तक लपवलं होतं तेही लिहा. नातवांले मालूम पडू द्या."

वाचनालय अजून त्याच गल्लीत, वरच्या मजल्यावर आहे. खाली कापडाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं आहे. संघ अजून दुसऱ्या रविवारी भरतो आणि वेळेवर कोणी येत नाही. दार सकाळी आठला उघडतं. बावीस कपाटं आहेत, आणि एकालाही कुलूप नाही.